आकडे वाचून काहीच वाटेना झालंय, मग काय वाचू?

ह्या वेळी पत्रं उघडली तर निम्मी युद्धावरच. त्यामुळे केसगळती, सूनबाई आणि म्युच्युअल फंडवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा, तुम्हाला विसरलेले नाही.

प्रश्न: ताई नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहते, नोकरी करते. मे २०२५ मधे भारत-पाकिस्तानचं ते सगळं चालू होतं तेव्हा आमच्या हॉलमधे रोज रात्री टीव्ही फुल आवाजात, सासरे, मिस्टर, शेजारचे काका, मधे चिवड्याचा डबा, म्हणजे अगदी मॅच असल्यासारखं. मीही बसायचे. नंतर गाझा, युक्रेन, सुदान, रोज कुठला तरी आकडा येतो, आज इतके गेले, मी बोटाने वर सरकवते आणि खाली साडीचं रील सुरू. परवा मला माझीच लाज वाटली. मैत्रीण म्हणते युद्धात अडकलेल्या साध्या माणसांनी लिहिलेलं वाच, फरक पडतो. खरंच पडतो का? का नुसतं रडू येतं आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या गडबडीत सगळं विसरायला होतं?

उत्तर: पडतो. पण रडू आलं म्हणजे फरक पडला असं समजू नका, रडू सिरीयल बघूनही येतं.

आकड्याने काही वाटत नाही ह्यात तुमचा दोष नाही. बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला वेढा पडला एप्रिल १९९२ मधे आणि उठला फेब्रुवारी १९९६ मधे, जवळजवळ चार वर्षं. वेढा पडल्याला वीस वर्षं झाली तेव्हा तिथल्या मुख्य रस्त्यावर मेलेल्यांच्या नावाने ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या. आता हा आकडा मी तुम्हाला सांगितला, तुम्ही वाचला, झालं. त्याचं तुम्ही काय करणार आणि मी तरी काय करणार.

आता त्याच वेढ्यातली झ्लाटा फिलिपोविच घ्या. डायरी सुरू केली तेव्हा दहा वर्षांची होती, युद्ध यायच्या आधीची पानं बघाल तर शाळा, मैत्रिणी, पियानोचा क्लास, टीव्ही, म्हणजे आपल्या कुठल्याही पोरीची असेल तशीच. मग हळूहळू लाईट जाते, गॅस जातो, पाणी जातं, शाळा बंद, ह्या मैत्रिणीचं कुटुंब शहर सोडून गेलं, त्या मैत्रिणीचं गेलं, आणि मधेमधे ती नुसती वैतागलेली असते, कंटाळलेली असते. तो कंटाळा वाचा. मला विचाराल तर बॉम्बच्या पानांपेक्षा कंटाळ्याची पानं जास्त कामाची. बॉम्ब पडतो तिथं आपण कधी नव्हतो त्यामुळे तिथं आपलं डोकं सिनेमातलं काहीतरी आणून चिकटवतं, पण घरात कोंडून बसलेली, रोज तेच खाऊन कावलेली मुलगी आपल्याला माहीत असते, ती आपल्या घरातच असते की.

सोलापूरकरांना तर पाण्याचं वेगळं सांगायलाच नको. चार-पाच दिवसांनी नळ येणार म्हणलं की सगळं घर त्या वेळापत्रकावर चालतं, लग्नाची तारीखसुद्धा एक वेळ मागे-पुढे होईल पण पाण्याच्या दिवशी कोणी घर सोडणार नाही. सारायेव्होत लोक बादल्या, कॅन घेऊन पाण्याला जायचे, तिथल्या बियरच्या कारखान्याचा स्वतःचा झरा होता, तिथं रांगा लागायच्या, आणि भोवतालच्या डोंगरावर बंदूकवाले बसलेले. रांग कशी असते, पुढचा जास्त कॅन भरतोय म्हणून डोकं कसं फिरतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथून आत शिरा. फक्त शिरल्यावर "आमच्याकडेही असंच असतं ओ" म्हणून परत फिरू नका, कारण आपल्या रांगेवर कोणी नेम धरून बसलेलं नसतं आणि हा फरक पानापानाला लक्षात ठेवावा लागतो, नाहीतर दुसऱ्याच्या युद्धाचं आपण आपल्या तक्रारीचं पत्र करून टाकतो.

दुसरं म्हणजे, ह्या लोकांना संत समजून वाचू नका. आपल्याला वाटतं की मरणाच्या छायेत माणसं एकदम मोठी होत असतील, एकमेकांना धरून राहत असतील. काही राहतात, पण बऱ्याच वेळा भांडतात. ॲन फ्रँकचं नाव सगळ्यांना माहिती, ॲमस्टरडॅममधे आठ माणसं दोन वर्षांच्या वर लपून राहिली, जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४. तिच्या डायरीत एक भांडण आहे, खोलीतल्या छोट्या टेबलावरून. तिला आठवड्यातून दोन दुपारी ते टेबल जास्तीचं हवंय लिहायला-वाचायला, खोलीत सोबत राहणारा प्रौढ गृहस्थ देत नाही, त्याला तिचं काम म्हणजे पोरखेळ वाटतो, आणि ती त्याच्यावर इतकी चिडते की बाहेर नाझी आहेत हे त्या पानापुरतं वाचणारा विसरूनच जातो. हे वाचल्यावर मला ती "बिचारी" वाटेनाशी झाली, आपल्यातली वाटायला लागली. बिचारं म्हणलं की आपण एक पायरी वर उभे राहून खाली बघत असतो. टेबलासाठी भांडणाऱ्या मुलीकडे असं वरून बघता येत नाही.

आणि परदेशातलंच कशाला, आपल्या मराठीत विष्णुभट गोडसे आहेत की! "माझा प्रवास" शाळेत नावापुरतं ऐकलेलं असतं आणि आपण ते इतिहासाचं पुस्तक म्हणून लांबूनच नमस्कार करून ठेवतो. पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक, घरात कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ होणार आणि चांगली दक्षिणा मिळणार असं ऐकून १८५७ साली काकांबरोबर निघाला, आणि नेमका बंडात सापडला. ना हा शिपाई ना ह्याला कोणाचं राज्य घ्यायचंय, दक्षिणा मिळवायची आणि घरी जायचं एवढाच हेतू. एप्रिल १८५८ मधे इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा हा गावात होता. कत्तल, लूट, आग, लपून बसणं, सगळं पाहिलं, वाटेत लुबाडला गेला, आणि अखेर घरी पोचला तो आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. लिहिलं १८८३ च्या सुमारास, छापलं गेलं १९०७ साली चिंतामणराव वैद्यांच्या संपादनाने. त्यात पैशाची काळजी आहे, जेवणाची वर्णनं आहेत, सोवळं-ओवळं आहे, आजच्या वाचकाला खटकेल असंही बरंच आहे. आणि ह्या सगळ्या किरकोळ गोष्टींच्या मधोमध झाशीच्या गल्ल्या येतात म्हणून त्या अंगावर येतात. मी तर म्हणते तुम्ही सुरुवात इथूनच करा, भाषा थोडी जुनी वाटेल, वीस पानांत सवय होते.

डब्याच्या गडबडीत विसरायला होईल का, तर होईल, होऊ दे. पुढच्या वेळी बातमीत "पाणीपुरवठा खंडित" असे दोन शब्द आले की त्यामागे एक बादली दिसेल, तेवढं पुरे.

प्रश्न: मी पूर्व भागातला, निवृत्त शिक्षक. डॉ. कोटणीस आमच्या सोलापूरचे, जपानने चीनवर जे अत्याचार केले त्यात जखमी झालेल्यांची सेवा करताना गेले. मुलांना हे मी तीस वर्षं शिकवलं. आता नात हिरोशिमावरचं पुस्तक वाचते आणि डोळे पुसते. मला सांगा, ज्यांच्या सैन्यानं चीनमधे लाखो मारले त्यांच्या गावावर बॉम्ब पडला तर वाईट वाटलंच पाहिजे का? मला तरी तेवढं वाटत नाही, आणि तसं म्हणलं की घरात सगळे माझ्याकडे रागाने बघतात.

उत्तर: सर, नमस्कार. तुम्ही मनातलं खरं लिहिलंत, लोक हे कुजबुजतात पण लिहीत नाहीत.

कोटणीसांचं तुम्हाला मी काय सांगणार, १९१० चा जन्म, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला, आणि डिसेंबर १९४२ मधे तिथंच गेले, वय अवघं बत्तीस. ते चीनला गेले त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९३७ मधे, नानजिंग हे चिनी शहर जपानी सैन्याच्या हाती पडलं होतं. तिथं काय झालं ते वाचायचं तर जॉन राबे नावाच्या जर्मन माणसाची डायरी आहे. व्यापारी कंपनीचा माणूस, नानजिंगमधेच राहिलेला, आणि नाझी पक्षाचा सदस्य! होय, नाझी. ह्यानं आणि तिथं थांबलेल्या इतर परदेशी लोकांनी मिळून शहरात एक सुरक्षित भाग ठरवला, त्यात दोन लाखांच्या वर चिनी लोक आसऱ्याला आले, स्वतःच्या घराच्या आवारातही त्यानं शेकडो माणसं ठेवली. जपानी शिपायांना हा बाबा हातावरचं स्वस्तिक दाखवून हाकलायचा. आता ह्याला कुठल्या कप्प्यात टाकायचं? मला अजून जमलेलं नाही.

दुसऱ्या बाजूला हिरोशिमाचे डॉ. मिचिहिको हाचिया. एका हॉस्पिटलचे प्रमुख, ६ ऑगस्ट १९४५ ला स्वतःच जबर जखमी झाले, आणि त्या दिवसापासून सप्टेंबर अखेरपर्यंतची त्यांची डायरी आहे. त्यातली एक गोष्ट तुमच्या प्रश्नासाठीच जणू लिहिलीय. बॉम्ब पडून काही दिवस झालेत, वॉर्डात भाजलेली, मरायला टेकलेली माणसं, आणि कोणीतरी बातमी आणतं की जपानकडेही असलंच अस्त्र होतं आणि आपल्या विमानांनी ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शहरांवर टाकलं. साफ खोटी बातमी. पण वॉर्डातला नूर पालटतो, लोक खूश होतात, ज्यांना सगळ्यात जास्त भाजलंय ते सगळ्यात खूश! दुसऱ्या कुठल्या तरी गावातल्या बायकापोरांचं आपल्यासारखंच झालं ह्याचा आनंद. आणि हाचियांनी हे लपवलं नाही, लिहून ठेवलं.

तेव्हा सर, तुम्हाला जे वाटतं ते त्या वॉर्डातल्या माणसांनाही वाटत होतं, उलट दिशेने. आणि लांब कशाला, मे २०२५ मधली ती रात्र आठवा, आपल्याकडच्या काही चॅनेलांनी कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणून बातमी चालवली, ती नंतर खोटी निघाली, पण तोवर किती घरांत टाळ्या वाजल्या असतील? कराचीत बंदरावर हमाल असतात, चहावाले असतात हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात होतं? आणि त्याच दिवसांत पूंछमधे तोफमाऱ्यात आपली साधी घरातली माणसं मरत होती, ती बातमी खालच्या पट्टीत सरकत होती.

वाईट वाटलंच पाहिजे असा नियम मी करणार नाही. चीनमधलं जे झालं त्याचा हिशेब हिरोशिमाने फिटत नाही आणि हिरोशिमा झालं म्हणून चीनमधलं पुसलं जात नाही, जपानच्या राज्यकर्त्यांचा दोष जपानच्या राज्यकर्त्यांकडेच राहतो. पण सकाळी सव्वाआठला ट्रॅमने कामावर निघालेल्या बाईला नानजिंगचा हुकूम कोणी विचारून दिला होता? राबे आणि हाचिया दोघं एका महिन्यात वाचून बघा, एकामागून एक, आणि नातीबरोबर वाचा. ती रडेल तिथं तुम्ही तिला नानजिंग सांगा, तुम्ही चिडाल तिथं ती तुम्हाला वॉर्ड दाखवेल. भांडण होईल. होऊ द्या, चहा तिलाच करायला लावू नका म्हणजे झालं.

प्रश्न: मी इंजिनियरिंगला आहे, हिप्परग्याकडून रोज अप-डाऊन करतो. आता युद्धातली माणसं स्वतःच मोबाईलवर लाईव्ह दाखवतात, मग ऐंशी वर्षांपूर्वीच्या डायऱ्या वाचायची गरज काय? व्हिडिओ जास्त खरा नाही का?

उत्तर: खरा असतो, कधीकधी. कधी तो दुसऱ्याच देशातला, जुन्या वर्षाचा किंवा चक्क गेममधला असतो, हे तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. गाझातून, युक्रेनमधून लोकांनी जे दाखवलं ते मोठं काम आहे, मी ते कमी लेखत नाही. पण व्हिडिओ तुला तो क्षण देतो आणि लगेच दुसरा, मधला वेळ देत नाही.

रशियातल्या लेनिनग्राड शहराला जर्मन सैन्याने सप्टेंबर १९४१ मधे वेढलं, वेढा पूर्ण उठला जानेवारी १९४४ मधे. पहिल्या हिवाळ्यात बऱ्याच लोकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा, तोही भेसळीचा. तिथं तान्या सविचेवा नावाची मुलगी होती, तिची नऊ पानं आहेत. फक्त नऊ. एका पानावर बहीण किती तारखेला किती वाजता गेली, मग आजी, मग भाऊ, मग एक काका, दुसरा काका, मग आई, १३ मे १९४२, सकाळी साडेसात. शेवटी लिहिलंय की सगळे मेले, तान्या एकटी राहिली. वाचायला एक मिनिटसुद्धा लागत नाही, तुझ्या रीलपेक्षा कमी वेळ. पण पहिल्या पानापासून आईच्या पानापर्यंत साडेचार महिने आहेत, आणि ते साडेचार महिने तुला स्वतःला भरावे लागतात, तिनं वही कुठं ठेवली असेल, पेन्सिल कोणाची, घड्याळ कोण बघत होतं. कॅमेरा हे काम तुझ्यासाठी करून टाकतो, म्हणून तू मोकळा. तान्याही वाचली नाही, १९४४ मधे गेली.

एसटीत वाच. मोबाईलवरच वाचलंस तरी माझी हरकत नाही.

प्रश्न: ताई, मी विड्या वळते, कुंभारीला घरकुलात राहते, मुलगी हे पत्र लिहून देतीय. तुमचं मासिक ती मोठ्यानं वाचते. आमचंच आम्हाला पुरत नाही, दूरच्या देशातल्यांचं वाचून आम्ही काय करायचं?

उत्तर: काही करायचं नाही. दिवसभर सुपात पानं घेऊन बसलेल्या बाईला "तुम्हाला जगाची काळजी पाहिजे" असं सांगणारी मी कोण.

फक्त मुलीला एक गोष्ट वाचायला आवडेल म्हणून सांगते, आणि ही फार दूरचीही नाही, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. १९४३ ते १९४८ तिथं पोलंडच्या लोकांची छावणी होती, जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रशियाच्या सरकारने त्यांना १९४०-४१ मधे घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटल्यावर इराणमार्गे ही माणसं हिंदुस्थानात आली. वळिवड्याला त्यांची शाळा होती, चर्च होतं, नाटकं व्हायची. नंतर ती मुलं जगभर पांगली, म्हातारी झाल्यावर त्यांनी आपल्या आठवणी लिहून एकत्र केल्या, आणि २०१९ मधे त्यांच्यातले काहीजण परत कोल्हापूरला येऊन गेले. म्हणजे युद्धातून पळालेली आई तुमच्या-आमच्या तिकिटाच्या अंतरावर बाजारात भाजी घेत होती! पोरांना घेऊन नवऱ्याविना परक्या गावात संसार मांडणं म्हणजे काय हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल, कदाचित ते पुस्तक तुम्हीच आम्हाला समजावून सांगाल. मुलीला म्हणावं, अक्षर छान आहे.

प्रश्न: मुलगा बारा वर्षांचा आहे. द्यावं का असलं वाचायला? घाबरेल का?

उत्तर: झ्लाटा द्या, ॲन द्या, हिरोशिमाच्या डॉक्टरांची डायरी अजून तीन-चार वर्षं नको, त्यात शरीराची वर्णनं फार आहेत. सोबत बसून वाचा, त्याने मधेच ठेवलं तर ठेवू दे. आणि घाबरण्याचं म्हणाल तर तो मोबाईलवर काय बघतो ते एकदा बघून घ्या, मग मला लिहा.

प्रश्न: आम्ही सहा-सात मैत्रिणी, नवी पेठेतल्या एकीच्या घरी दर महिन्याला भिशी असते. ह्या वर्षी भिशीबरोबर असली पुस्तकं वाचायची ठरवतोय. कसं करावं? आणि एकीचं म्हणणं आहे की आठवणी काय, कोणीही तिखटमीठ लावून लिहितं, खरं कशावरून?

उत्तर: शंका घेणारी मैत्रीण सोडू नका, तिच्यामुळेच गट चालेल. तिचं बरोबरही आहे. गोडसे भटजींनी पंचवीस वर्षांनंतर आठवून लिहिलं, संपादकाचा हात त्यात आहे. स्वेतलाना अलेक्सिएविच, ज्यांना २०१५ चं नोबेल मिळालं, त्यांनी दुसऱ्या महायुद्धात लहान असलेल्या बेलारूसच्या लोकांना मोठेपणी विचारून पुस्तक केलं, म्हणजे चाळीस वर्षांनी सांगितलेलं, आणि वर त्यांची निवड. तेव्हा तारीख, संख्या, कोण सेनापती कुठून आला हे इतिहासाच्या पुस्तकातून ताडून बघा. पण भूक कशी लागली होती, आईने कुठला डबा बरोबर घेतला, कुत्रा मागे सोडावा लागला, ह्यात खोटं बोलून माणसाला काय मिळणार? काही वेळा मिळतं, नाही असं नाही, बनावट आठवणीही छापल्या गेल्यात. म्हणून रोजच्या रोज लिहिलेली डायरी आधी घ्या, आठवणी नंतर.

पद्धत म्हणाल तर महिन्याला एकच माणूस. एकच देश नाही, एकच माणूस, त्याचं घर, त्याचं स्वयंपाकघर, त्याची भांडणं पूर्ण कळेपर्यंत. कोणीतरी दहा-बारा पानं मोठ्यानं वाचा, मग गप्पा. "आपण किती सुखी" हे वाक्य ज्या बाईच्या तोंडून येईल तिच्याकडून पुढच्या महिन्याची शेंगाचटणी वसूल करा, नाहीतर दर वेळी चर्चा तिथंच जाऊन बसते आणि पुस्तकातली बाई बाजूलाच राहते. वर्षातून निदान दोन पुस्तकं अशा बाजूची घ्या जी तुम्हाला आवडत नाही, कुठली ते मी सांगत नाही, तुम्हाला माहितीय. प्रमुख पाहुणे बोलवू नका. फोटो काढून ग्रुपवर टाकायचेच असतील तर पुस्तकाचा काढा, ढोकळ्याचा नको.

पुस्तकं वाचनालयातून आधीच राखून ठेवायला सांगा, एकच प्रत असते आणि ती नेमकी कोणीतरी घरी दाबून ठेवलेली असते. आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात पहिली बैठक ठेवू नका, एकही मैत्रीण फिरकणार नाही.